शनिवारी चूल बंद, बाकी विचारा

मागच्या अंकात मी आमच्या नव्याच्या सणाबद्दल, म्हणजे ज्यू नवीन वर्षाबद्दल, चार ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा ढीगच आला. सगळे घेणं शक्य नाही, निवडक घेतलेत. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, ठाण्याची, स्वयंपाक आईकडून शिकले आणि नियम हजानकाकांची, म्हणजे प्रार्थना म्हणवून घेणाऱ्या काकांची, बोलणी खात शिकले, त्यामुळे इथे घरातलं सांगते, धर्मशास्त्राचा वाद घालायचा असेल तर रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, गाठा.

प्रश्न: आईची शाळेतली मैत्रीण साठेक वर्षांपूर्वी इस्राएलला गेली, आता अश्दोदहून मुलगा-सुनेसोबत येतेय. आई म्हणते जेवायला घरीच बोलवायचं. ते कोशर, म्हणजे ज्यूंचे खाण्यापिण्याचे नियम, पाळतात. आमच्याकडे मासे-मटण सगळं होतं. त्या दिवशी शुद्ध शाकाहारी केलं की झालं ना? (एक वाचक, डोंबिवली)

नाही हो ताई, तेवढ्याने नाही भागत. पण तुम्ही आधी विचारलंत हे फार बरं केलंत, नाहीतर लोक 'व्हेज आहे, खा बिनधास्त' म्हणून ताट पुढे करतात आणि पाहुणा बिचारा अवघडून बसतो. अडचण भाजीची नाहीये, कढईची आहे. ज्या कढईत काल कोळंबी शिजली तिच्यात आज बटाट्याची भाजी केली तरी कडक पाळणाऱ्याला ती चालत नाही, भांडं चव धरून ठेवतं असा हिशोब आहे. तुमच्या आजीचं सोवळ्यातलं पातेलं आठवा, म्हणजे लगेच डोक्यात बसेल.

आधी सरळ फोन करा आणि विचारा की तुम्ही काय काय पाळता, कारण कुणी फक्त डुक्कर आणि कोळंबी टाळतं आणि बाकी सगळं हाणतं, तर कुणी परक्या घरात सोललेलं फळसुद्धा घेत नाही. विचारण्यात कमीपणा काही नाही, उलट त्यांना सुटल्यासारखं वाटतं. कडक असतील तर एक नवीन पातेलं, नवीन सुरी, नवीन डाव आणि कागदी ताटं आणा. आणि त्या मैत्रिणीलाच सरळ आत ओट्यापाशी घ्या, गॅस तिला पेटवू द्या, पातेलं तिला चढवू द्या, कारण शिजवण्यात ज्यू माणसाचा हात लागावा असाही एक नियम आहे. आईलाही काय वाटेल बघा, इतक्या वर्षांनी दोघी एका पातेल्यापुढे.

मटण-चिकनचा नाद सोडा, साध्या खाटकाकडचं चालत नाही. मासे मात्र करा. ज्याला खवले आणि पर दोन्ही आहेत तो चालतो: रावस, पापलेट, सुरमई, बांगडा. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, मुशी बाद. यावरूनच तर आमची ओळख पटली म्हणतात, डेव्हिड राहाबी नावाचा कुणी ज्यू कोकणात आला, त्याने बायकांसमोर मासे ठेवले आणि बायकांनी बिनखवल्याचे तेवढे बाजूला काढले, झालं, हे आपलेच! तो कधी आला यावर जाणकारांची अजून भांडणं चालू आहेत, कुणी हजार वर्षं म्हणतं, कुणी जेमतेम अडीचशे, त्यात मी पडत नाही.

तर रावस घ्या, त्याचे खवले चांगले दिसतात, पण अख्खा घ्या. कोळणीकडून तुकडे करून आणू नका, तिच्या कोयत्याने आत्ताच खेकडा फोडलेला असतो. घरी नव्या सुरीने कापा आणि कापायच्या आधी पाहुण्यांना मासा दाखवा, ते बघतीलच. फ्लॉवर त्या दिवशी नको, कोथिंबीर पान न् पान उलटून बघा, अळी-किडा अजिबात चालत नाही. तांदूळ-डाळ निवडायची सवय आपल्याकडे आहेच.

प्रश्न: तुमच्या लोकांच्या कोंबडीच्या रश्श्यात दही का नसतं? आणि मी नारळाचं दूध घालून करते तर दर वेळी फुटतं, का? (एक वाचक, बडोदा)

तोरामध्ये, म्हणजे आमच्या धर्मग्रंथात, तीनदा सांगितलंय की करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको. त्यातून मटण आणि दूध एकत्र नाही हा सगळा डोलारा उभा राहिला, म्हणजे मटणाला तूप नाही, चिकनला दही लावणं नाही, मटणाच्या जेवणावर खीर नाही, चहासुद्धा बिनदुधाचा, आमच्या घरी सहा तास थांबतात. आता एवढं सगळं ऐकून युरोपातला माणूस रडकुंडीला येईल, कोकणातल्या बाईने परसातला नारळ फोडला. माझं तर मत आहे की आमचं कोशर टिकलं त्यात माडाचा वाटा मोठा आहे.

फुटतं कारण तुम्ही घट्ट दूध आधीच ओतून खळखळ उकळत असणार. दुसरं पातळ दूध आधी, त्यात कोंबडी शिजवायची, वाटण साधंच, कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं, लसूण, हळद. पहिलं घट्ट दूध अगदी शेवटी, गॅस बारीक, एक वाफ आली की बंद, आणि आमसूल त्यानंतर.

याच दुधाचा नव्याच्या सणाचा हलवा, ज्याबद्दल सगळ्यात जास्त पत्रं आली. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग वाटून, पिळून, गाळून ठेवून द्यायचं, वरचं पिवळट पाणी ओतलं की खाली पांढराशुभ्र चीक बसलेला असतो. तो चीक, नारळाचं दूध, साखर, चिमूटभर लाल रंग आणि मग ढवळत बसायचं. गाईचं दूध नाही, तूप नाही, म्हणून मटणाच्या जेवणावरही खुशाल खाता येतो. लग्नानंतर पहिल्यांदा मी एकटीने केला तेव्हा मध्येच फोन आला, मी म्हटलं दोन मिनिटं, आणि दोन मिनिटांत तळाला असा धरला की कढई भंगारात गेली. आई एवढंच म्हणाली, 'हलवा असला की फोन काढून ठेवायचा.' तयार झाला की ओळखायचं कसं? गोळा कढई सोडतो आणि डाव उचलला की जाड पट्टीसारखा लोंबतो, तुटत नाही. मग थाळीत ओतायचा, वर बदाम-पिस्ते, गार होईपर्यंत हात लावायचा नाही.

प्रश्न: तुमचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस शुक्रवारी संध्याकाळीच सुरू होतो आणि त्या रात्रीच्या प्रार्थनेला वाइन लागते म्हणतात, मग खेड्यातले लोक काय करायचे? (एक वाचक, कराड)

काळ्या मनुका भिजत घालायच्या, कुस्करायच्या, गाळायच्या, झालं शरबत. आम्ही अजून तेच करतो, द्राक्षाचंच फळ आहे ना शेवटी.

प्रश्न: 'मलिदा' हा शब्द आम्हाला फक्त पेपरातून माहीत, अमक्याने मलिदा खाल्ला वगैरे. तुमच्यात तो खरंच खातात म्हणे? (एक वाचक, नाशिक)

खातात, आणि पावती न देता! आमचा मलिदा एलियाहू हान्नाबीच्या नावाने होतो, एलिया प्रेषित, आमच्या लोकांचा नवसाला पावणारा. नवस फिटला, लग्न ठरलं, नवीन घर घेतलं, की मलिदा. पोहे धुऊन निथळायचे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, बेदाणे, बदाम, थाळीत डोंगर करायचा आणि भोवती फळं. मग प्रार्थना, एलियाहूचं गाणं, आणि एकेका फळावर आशीर्वाद. यातली गंमत, खजूर-सफरचंदाला 'झाडाचं फळ' म्हणून आशीर्वाद आणि केळ्याला 'जमिनीचं फळ' म्हणून, कारण केळ झाडात धरत नाहीत. लहानपणी माझं हे हमखास चुकायचं. पोहे फार आधी भिजवू नका, लगदा होतो, आणि वाटताना मुलांना आधी द्या नाहीतर बदाम गायब असतात.

प्रश्न: माझी आजी बेने इस्राएल, माहेरचं आडनाव अष्टमकर, जुन्या फोटोमागे 'रेवदंडा' लिहिलंय. मी आणि बायको डिसेंबरात दोन दिवस काढून अलिबागकडे जाणार आहोत. काय बघू, आजीचं काही सापडेल का? (एक वाचक, पुणे)

सापडेल की नाही सांगता येत नाही, पण आडनावानेच तुम्हाला अर्धा पत्ता दिलाय. पेणकर पेणचे, किहीमकर किहीमचे, तसे अष्टमकर रोह्याजवळच्या अष्टमीचे. म्हणजे आजी रेवदंड्यात वाढली असली तरी मूळ घराणं अष्टमीचं असणार, तेव्हा तिकडेही एक चक्कर टाका.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने गाडीसकट मांडव्याला उतरा. पहिलं नवगाव. दोन हजार वर्षांपूर्वी इथे गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली अशी आमची परंपरा सांगते, जे बुडाले त्यांना तिथेच पुरलं, पुरुषांचा एक ढीग आणि बायकांचा एक. आता स्मारक आहे. वाचलेल्यांनी पुढे तेलाचे घाणे धरले, शनिवारी घाणा बंद म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. मग अलिबागची इस्राएल आळी, तिथलं मागेन आबोथ सिनॅगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनास्थळ, १८४८ चं, आताची इमारत १९१० ची. रेवदंड्याचं बेथ एल सिनॅगॉग १८४२ चं. सिनॅगॉग कुठे असं विचारलंत तर एखादा रिक्षावाला नुसता बघत राहील, म्हाताऱ्या माणसाला 'ज्यूंची मशीद' विचारा, आम्ही पूर्वापार मशीदच म्हणतो. मुंबईचं मशीद बंदर स्टेशनसुद्धा आमच्याच मशिदीवरून म्हणतात, १७९६ ची, सॅम्युअल दिवेकरांनी बांधलेली. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेत पडले, सुटलो तर बांधीन असा नवस बोलले होते म्हणे.

सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि कोकणातल्या बऱ्याच मशिदींत ते आता जमत नाहीत. कुटुंबंच्या कुटुंबं १९४८ नंतर इस्राएलला गेली. तेव्हा दार बंद दिसलं तर रागावू नका, चावी जवळच कुणाच्या तरी घरी असते, आधी फोन करून गेलात तर उत्तम. शनिवारी जाऊच नका, फोटो काढून देणार नाहीत आणि बरोबरच आहे. ओळखपत्र ठेवा, डोक्याला रुमाल चालतो. वेळ उरला तर खंडाळे, तिथल्या कातळावर एलियाहूच्या रथाच्या आणि घोड्याच्या खुणा दाखवतात. मला त्या कधी नीट दिसल्या नाहीत, माझ्या सासूबाईंना दर वेळी दिसायच्या.

आजीच्या माणसांसाठी मात्र कब्रस्तानालाच जास्त वेळ ठेवा, सकाळचा, ऊन तिरपं असताना अक्षरं वाचता येतात. बऱ्याच दगडांवर वर हिब्रू आणि खाली मराठी असतं. साल ५६८० असं काही दिसलं तर दचकू नका, ते ज्यू कालगणनेतलं असतं, ३७६० वजा करा, १९२० येतं, एखादं वर्ष इकडेतिकडे. फुलं नेत नाहीत, एक छोटा दगड ठेवायचा. आणि पाण्याची बाटली सोबत घ्या, बाहेर पडताना हात धुवायचे असतात आणि तिथे नळ असेलच असं नाही.