बरं वाटल्यावर अँटिबायोटिक थांबवायचं का?

तुमचा प्रश्न असा: सात दिवसांचा कोर्स आहे, चौथ्या दिवशीच ताप गेला. एक जण म्हणतो, मध्येच सोडलंस तर जंतू चिवट होतील. दुसरा म्हणतो, जास्त दिवस घेतल्यानेच ते चिवट होतात. मग ऐकायचं कुणाचं?

आधी कामाचं सांगते. आपल्या मनाने बंद करू नका. ज्यांनी गोळ्या लिहून दिल्या त्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारा. उत्तर आजारावर ठरतं, आणि तुमचा आजार कोणता हे तुम्ही लिहिलेलं नाही.

पहिलं मत जुनं आहे. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीच 1945 च्या नोबेल व्याख्यानात अपुऱ्या पेनिसिलिनबद्दल सावध केलं होतं. क्षयरोगात ते पुरेपूर खरं ठरतं. उपचार अपुरे पडले की त्या जंतूंमधले औषधाला दाद न देणारे तेवढे वाचतात आणि वाढतात. म्हणून तिथे अनेक औषधं एकत्र, तीही कित्येक महिने. त्यात चालढकल अजिबात नको.

नेहमीच्या बऱ्याच संसर्गांत मात्र दुसऱ्याच्या बोलण्यात जास्त तथ्य आहे. गोळी घशापुरती किंवा फुफ्फुसापुरती काम करत नाही. ती आतड्यात आणि त्वचेवर निमूटपणे राहणाऱ्या जिवाणूंनाही मारते. त्यातले औषधाला न जुमानणारे उरतात, त्यांना मोकळं रान मिळतं. ई. कोलायसारखे जिवाणू तर ही क्षमता जनुकांमार्फत दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देतात. गरज संपल्यावरचा प्रत्येक दिवस यात भरच घालतो. 2019 मध्ये अशा जंतूंमुळे जगभरात सुमारे 12.7 लाख माणसं दगावली, असा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला अंदाज आहे. मला हा प्रश्न जिव्हाळ्याचा वाटतो तो यासाठीच.

कमी दिवस पुरतात का, हे तपासूनही झालंय. 2024 मध्ये ‘बॅलन्स’ चाचणीचे निष्कर्ष आले. रक्तात जंतुसंसर्ग झालेले, म्हणजे चांगलेच आजारी असलेले 3,608 रुग्ण. निम्म्यांना 7 दिवस औषध, निम्म्यांना 14. नव्वद दिवसांत मृत्यू झाले 14.5 टक्के आणि 16.1 टक्के. म्हणजे 7 दिवस कुठेही कमी पडले नाहीत. (स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचा संसर्ग झालेले आणि प्रतिकारशक्ती फारच खालावलेले रुग्ण यात नव्हते, तेव्हा त्यांना हा निष्कर्ष लावू नका.) साध्या न्यूमोनियातही लहान कोर्स पुरतो, असं लहान मुलांवरच्या चाचण्यांतही दिसलंय.

पण हे दिवस संशोधकांनी एकेका आजारासाठी तपासून ठरवलेत. ‘ताप उतरला’ ही खूण सगळीकडे चालत नाही. स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूमुळे घसा धरला असेल, तर दोन दिवसांत बरं वाटतं. तरी पेनिसिलिन सहसा दहा दिवस देतात, कारण पुढे हृदयाच्या झडपांना इजा करणारा संधिवाताचा ताप टाळायचा असतो. उलट सर्दी-खोकला विषाणूंचा असेल, तर पहिली गोळीसुद्धा नको होती.

डॉक्टरांनी थांबवायला सांगितलं, तर उरलेल्या गोळ्या पुढच्या आजारासाठी ठेवू नका, घरात दुसऱ्या कुणाला देऊ नका. आणि पुढच्या वेळी चिठ्ठी हातात पडतानाच विचारा: किती दिवस, इतकेच का, आणि कमी चालतील का?