ऑडीच्या चार कड्या कशाच्या, आणि क्वाट्रोचं एवढं कौतुक का?

ऑगस्ट हॉर्श 1909 मध्ये स्वतःच स्थापन केलेल्या 'हॉर्श' या जर्मन मोटार कंपनीतून बाहेर पडले. ते नाव जुन्या कंपनीकडेच राहिलं, त्यामुळे नव्या कंपनीला स्वतःचं आडनाव देता येईना. जर्मनमध्ये 'हॉर्श' म्हणजे 'ऐक'. त्याचंच लॅटिन 'ऑडी'. 1932 मध्ये ऑडी, डीकेडब्ल्यू, हॉर्श आणि वाँडरर या चार मोटार कंपन्या एकत्र आल्या, त्या या चार कड्या.

खरी ओढ मात्र 1980 च्या क्वाट्रो या ऑडीच्या गाडीपासूनची. ताकद चारही चाकांना जाते, त्यामुळे ओल्या वळणावरही गाडी रस्ता धरून राहते. जुनी क्वाट्रो घेताना आधी टायर बघा. दोन नवे, दोन गुळगुळीत असतील तर पुढच्या-मागच्या चाकांचे फेरे जुळत नाहीत; मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा संच) सतत राबतो, तापतो आणि लवकर झिजतो. टायर बदलायचे तर चारही एकदम, एकाच मापाचे.