आगटीजवळून माणसं उठून जातात तेव्हा

"मॅडम, मी बोलायला लागलो की माणसं उठून जातात. इतका कंटाळवाणा आहे का मी?" छंदात बुडालेली बरीच माणसं हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतात. सोलापुरातल्या एका गृहस्थांचं सांगते, ओळखीच्या खुणा बदलून.

नोकरी बँकेत, वय पन्नाशीचं, वेड पक्ष्यांचं. रविवारी पहाटे नान्नजच्या माळावर, नाहीतर हिप्परग्याच्या तलावावर. जानेवारीत चुलतभावाच्या शेतात हुरड्याला सगळं घर जमलं होतं. ज्वारीवरून एक भोवत्या, म्हणजे हॅरियर, तरंगत गेला आणि यांनी सुरुवात केली. ही मादी माँटेग्यूची की पॅलिड, मानेवरची फिकट पट्टी कशी ओळखायची, कुठल्या लेन्सने फोटो चांगला येतो. हुरडा गार झाला. आधी भाचा उठला, मग वहिनी, शेवटी भाऊसुद्धा. घरी येऊन यांनी दुर्बीण कपाटात टाकली, ती तीन आठवडे तिथंच.

मला त्या कपाटातल्या दुर्बिणीचीच जास्त काळजी वाटली. छंद सोडणं हा यावरचा उपाय नव्हेच. म्हटलं, "मला सांगा त्या पक्ष्याबद्दल." पुन्हा मानेची पट्टी आली. मी थांबवलं. "तुम्हाला स्वतःला त्याचं काय आवडतं?"

ते जरा गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "हिवाळ्यात मध्य आशियातून येतो, मॅडम. आणि रात्री आपल्या माळावर गवतात, जमिनीवर झोपतो. एकटा नाही, बरेच मिळून."

माझ्या अंगावर काटा आला. मी आपणहून पुढचं विचारलं.

पट्टीचा वाद पक्षीमित्रांबरोबर घालावा, तिथं तो हवाच. घरच्यांना एकच गोष्ट सांगायची, तीही त्यांच्या जगण्याला लागून असलेली, आणि थांबायचं. हे थांबणं त्यांना फार जड गेलं. समोरचा गप्प बसला की त्याला समजलं नाही असं वाटून ते आणखी समजावायचे. आणि भावाला पिकाबद्दल त्या दिवशी एका शब्दानं विचारलं नव्हतं, हे त्यांचं त्यांनाच आठवलं. डोळे भरून आले.

पुढच्या खेपेला पत्नीही आल्या. "आता 'पुरे' म्हटलं की थांबतात, रुसत नाहीत," म्हणाल्या. यांनी भावाला फोन करून आधी ज्वारीची काढणी विचारली होती. मग म्हणाले, "तो पक्षी नाकतोडे खातो रे," आणि थांबले. भावानं लगेच विचारलं, "आमच्या रानातले पण?"

रविवारी संध्याकाळी भाऊ नान्नजला येणार होता. दुसरी दुर्बीण कुणाकडे मागावी, याच विचारात हे होते.