सही केली म्हणजे सगळं मान्य केलं, असं होत नाही

निपाणी तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या घरी ब्लाऊज शिवून संसाराला हातभार लावतात. दुसऱ्या बाळंतपणानंतर त्यांच्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग उठले. कोल्हापुरातल्या एका स्किन क्लिनिकने 'सहा सिटिंगमध्ये वांग कायमचं जाईल, १०० टक्के खात्री' असं सांगून ४८,००० रुपयांचं पॅकेज दिलं. त्यातले ८,००० यूपीआयने दिले, १०,००० रोख दिले आणि ३०,००० चं कर्ज क्लिनिकच्याच टेबलावर ओटीपी घेऊन काढून दिलं गेलं. डॉक्टर पहिल्या दिवशी पाच मिनिटं भेटले. लेझर मात्र दर वेळी पांढरा कोट घातलेल्या एका मुलीने केलं. तिसऱ्या सिटिंगच्या रात्री गालांवर फोड आले, पुढे खपल्या धरल्या आणि आता तिथे आधीपेक्षा काळे पट्टे आहेत, मध्ये दोन पांढरे ठिपके. क्लिनिक म्हणतं, तुम्ही उन्हात गेलात, फॉर्मवर तुमची सही आहे आणि केस करायचीच तर ती कोल्हापुरातच करावी लागेल. या गोष्टीला आठ महिने झाले. घरचे म्हणतात, नसते लाड कशाला करायचे, आता गप्प बसा. सहीनंतर तक्रार करता येते का, कुठे करायची, कर्जाचे हप्ते थांबवू का आणि ग्राहक आयोगापुढे असा चेहरा घेऊन उभं राहावं लागेल का, असं ताई विचारतात. शिवाय जावेचा मुलगा पुढच्या महिन्यात तिथेच डोक्यावर केस लावून घेणार आहे, त्याची त्यांना काळजी आहे.

ताई, घरच्यांचं ते वाक्य मनावर घेऊ नका. पैसे मोजून घेतलेल्या सेवेत अंगाला इजा झाली, तर ती सेवा गरजेची होती की हौसेची, हे कायदा विचारत नाही. डॉक्टरांची सशुल्क सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये, इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सांगितलं. २०१९ चा नवा कायदा आल्यावरही ते बदललेलं नाही.

पण आधी एक कडू गोष्ट सांगतो, कारण तीवरच तुमची तक्रार उभी राहील किंवा कोसळेल. वांग गेलं नाही, एवढ्यावर तुम्ही जिंकणार नाही. वांग हा हट्टी विकार आहे. ऊन, बाळंतपण, संततिनियमनाच्या गोळ्या, अंगची प्रवृत्ती, या साऱ्यांचा त्यात हात असतो. नीट उपचार करूनही ते उन्हाळ्यात परत डोकं वर काढतं. म्हणून जाणते त्वचारोगतज्ज्ञ आधी उन्हापासून संरक्षण आणि लावायची औषधं यांवर भर देतात, लेझरचा विचार नंतर. आपल्यासारख्या गव्हाळ, सावळ्या त्वचेत रंगद्रव्य जास्त असल्यामुळे लेझरची उष्णता ते अधिक शोषून घेते आणि तीव्रता चुकली तर भाजतं. भाजलेल्या जागी त्वचा आणखी काळी पडते. हा काळेपणा बहुतेकदा काही महिन्यांत हळूहळू कमी होतो. पांढरे ठिपके मात्र जास्त काळ राहू शकतात.

चांगला डॉक्टर, योग्य यंत्र आणि पूर्ण काळजी असूनही असं घडू शकतं. घडलं म्हणून तो निष्काळजीपणा ठरत नाही. तेव्हा तक्रारीत 'रंग उजळला नाही' हे पहिलं वाक्य असू नये. पहिलं वाक्य असं असावं: 'भाजण्याचा धोका मला सांगितला नाही, आणि ज्या व्यक्तीने यंत्र चालवलं ती डॉक्टर नव्हती.'

आता सहीकडे येतो. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये खरी संमती कशाला म्हणायचं ते सांगितलं आहे. उपचार काय आहे, कशासाठी आहे, फायदा किती, मोठे धोके कोणते, दुसरे पर्याय कोणते आणि उपचार घेतलाच नाही तर काय होईल, हे रुग्णाला समजेल असं सांगायला हवं. त्यानंतर रुग्णाने स्वतःहून दिलेला होकार ही संमती. कागदावरची सही हा त्या बोलण्याचा पुरावा असतो. बोलणं झालंच नसेल, तर सही कशाचा पुरावा? तुम्ही लिहिता की फॉर्म चार पानांचा होता, सगळा इंग्रजीत, आणि रिसेप्शनवरच्या मुलीने 'इथे, इथे आणि इथे' असं बोट दाखवून सह्या घेतल्या. तुमचं शिक्षण दहावीपर्यंत, मराठी शाळेत. तुमची सहीसुद्धा मराठीत आहे. ही वाक्यं तुमच्या प्रतिज्ञापत्रात जशीच्या तशी आली पाहिजेत.

इथे मला राहवत नाही म्हणून लिहितो. आपण सीमाभागातले लोक सरकारी कागद मराठीत मिळावेत म्हणून वर्षानुवर्षं निवेदनं देतो, मोर्चे काढतो. आणि मराठी डॉक्टर, मराठी रुग्ण, गाव कोल्हापूर, तरी चेहरा भाजू शकतो हे सांगणारं एक पान मराठीत छापलं जात नाही. पॅकेजची जाहिरात मात्र तुम्हाला व्हॉट्सअॅपवर शुद्ध मराठीत आली होती! ती जपून ठेवा. 'कायमचं' आणि '१०० टक्के' हे दोन शब्द तुमच्या बाजूने साक्ष देतील. वांगाच्या बाबतीत असं वचन कुणालाच देता येत नाही, आणि खोटी खात्री देणारी जाहिरात ग्राहक कायद्यात दिशाभूल करणारी ठरते.

यंत्र चालवणाऱ्या मुलीबद्दल. राष्ट्रीय वैद्यक आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे नोंदणी नसलेल्या व्यक्तीने वैद्यकीय व्यवसाय केला, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ती सहायक होती आणि डॉक्टर हजर होते, असा बचाव येईल. म्हणून त्या तिन्ही दिवशी तुमच्यासोबत कोण होतं, डॉक्टर खोलीत आले का, चष्मा कुणी लावला, यंत्राचे आकडे कुणी बदलले, आधी कानामागे छोट्या जागेवर चाचणी घेतली का, हे आठवेल तसं आजच वहीत लिहून काढा. तुमची बहीण दोनदा सोबत होती म्हणता. तिचंही प्रतिज्ञापत्र करू.

आता कुठे जायचं. क्लिनिकने तुम्हाला चुकीचं सांगितलं. २०१९ च्या ग्राहक कायद्याच्या कलम ३४ ने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. १९८६ च्या जुन्या कायद्यात ही सोय नव्हती. आपल्या भागासाठी हा बदल फार मोलाचा आहे. निपाणीचा माणूस दवाखान्याला कोल्हापूरच गाठतो, चंदगडचा बेळगावला येतो. राज्याची हद्द ओलांडून घेतलेल्या सेवेसाठी आता पुन्हा हद्द ओलांडून भांडावं लागत नाही. तुमची तक्रार बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालेल. फॉर्मवर 'सर्व वाद कोल्हापूरच्या अधिकारक्षेत्रात' अशी छापील ओळ असली, तरी कायद्याने दिलेला हक्क अशा ओळीने जात नाही, असंच मी आयोगापुढे मांडेन. तक्रार इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये तयार करा, आणि मराठी कागदांना भाषांतर जोडा. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. वकील लावणंही सक्तीचं नाही. मुदत दोन वर्षांची आहे, तुमची आठ महिन्यांची गेली.

एक मात्र लक्षात ठेवा. डॉक्टरांच्या नोंदणीबद्दलची तक्रार बेंगळुरूला नाही, मुंबईला महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जाईल, कारण नोंदणी तिथली आहे. परिषद ताकीद देऊ शकते, नाव काही काळ काढू शकते, पण पैसे मिळवून देत नाही. हाच प्रकार बेळगावातल्या क्लिनिकमध्ये घडला असता, तर कर्नाटकच्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखालच्या जिल्हा प्राधिकरणाकडेही दाद मागता आली असती.

पोलिसांत जायची घाई करू नका. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केलं आहे की डॉक्टरवर फौजदारी गुन्ह्यासाठी ढोबळ, अक्षम्य निष्काळजीपणा दिसायला हवा, आणि त्याआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं. ती वाट लांबची आहे.

पहिलं काम कागदांचं. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्यात, असा वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीचा दंडक आहे. एका साध्या मराठी पत्रात केसपेपर, सही केलेला फॉर्म, प्रत्येक सिटिंगला वापरलेलं यंत्र आणि त्याची तीव्रता, काढलेले फोटो आणि सर्व पावत्या मागा. पत्र निपाणीच्या पोस्टातून स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा. त्यांनी नोंदी दिल्या नाहीत, तर तेही आयोगापुढे ठेवता येतं. रोख १०,००० ची पावती मिळाली नाही म्हणता. बिल न देणं ही ग्राहक कायद्यात स्वतंत्र अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेव्हा ते पैसे बुडाले असं धरू नका. त्या दिवशी भिशीतून पैसे उचलल्याची नोंद असेल तर तीही कामाची.

दुसरं, या आठवड्यातच बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बिम्समध्ये, त्वचारोग विभागात दाखवा. उपचारासाठी तर जाच, पण डाग कुठे, किती, कशामुळे दिसतात, हे तारखेसह केसपेपरवर आलं पाहिजे. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये व्ही. किशन राव यांच्या खटल्यात म्हटलं आहे. तरी असेल तर हात बळकट होतो. डॉक्टरांना खरं सांगा. मेडिकलमधून आणलेली गोरेपणाची ट्यूब लावत होता का? अशा बऱ्याच ट्यूबांत स्टिरॉइड असतं आणि दीर्घकाळ लावल्याने त्वचा पातळ होते. समोरचा वकील हे विचारणारच, तेव्हा ते आमच्याकडून आधी आलेलं बरं. उन्हात गेल्याचंही तसंच. 'ऊन टाळा, सनस्क्रीन लावा' असं लेखी दिलं होतं का, हा माझा प्रश्न असेल.

हप्ते थांबवू नका. कर्जाचा करार फायनान्स कंपनीशी आहे. हप्ता चुकला की सिबिल बिघडतं आणि उद्या शिलाई मशीनसाठी कर्ज मागताना तेच आडवं येतं. पण कंपनीलाही तक्रारीत पक्षकार करा, कारण कर्ज क्लिनिकच्या टेबलावर, पॅकेजला जोडूनच झालं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जांचं ठळक माहितीपत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यावं लागतं. तुम्हाला ते मराठीत किंवा कन्नडमध्ये मिळालं का, हे कंपनीला लेखी विचारा. उरलेल्या तीन सिटिंगचे पैसे परत, पुढच्या उपचारांचा खर्च, बुडालेलं शिवणकाम आणि मनस्ताप, एवढं मागू. आकडा फुगवू नका. वर सांगितलेल्या कोहली खटल्यात शस्त्रक्रिया संमतीशिवाय झाली होती, तरी न्यायालयाने डॉक्टरांची फी नाकारून भरपाई २५,००० रुपयेच दिली. आज रकमा वाढल्या आहेत, पण लाखोंच्या आशेवर घर चालवू नका.

जावेच्या मुलाचा फॉर्म भरण्याआधी त्याला माझ्याकडून हे सांगा. केस लावण्याची शस्त्रक्रिया कोण करणार, त्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक लिहून घे. हे काम शिकलेल्या प्लास्टिक सर्जनचं किंवा त्वचारोगतज्ज्ञाचं आहे, तंत्रज्ञाचं नाही. नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर असायलाच हवा, आणि तो वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात, तीन-चार महिन्यांनी नवे दिसू लागतात, खरा निकाल कळायला नऊ महिने ते वर्ष जातं. तेव्हा 'लग्नाआधी दोन महिन्यांत भरगच्च' असं कुणी म्हणत असेल तर उठून यावं. जावेलाही पार्लरमधल्या बाईंनी सुरकुत्यांसाठी बोटॉक्सचं इंजेक्शन सुचवलं आहे म्हणता. त्याचा परिणाम तीन-चार महिने टिकतो, सुई डॉक्टरनेच टोचायची असते. नको असलेल्या केसांच्या लेझरलाही सहा-आठ सिटिंग लागतात आणि केस कमी होतात, कायमचे नाहीसे होतात असं नाही. यांतलं काहीही वाईट नाही. फक्त आधी कळलं पाहिजे.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. ग्राहक आयोगातलं काम बहुतांश प्रतिज्ञापत्रं आणि कागद यांवर चालतं. अर्ज केला तर व्हिडिओवरून सुनावणीची परवानगी मिळू शकते. तुमचे सिटिंगआधीचे आणि फोड आल्या रात्रीचे फोटो तुमच्या मोबाइलमध्ये आहेत. ते तारखेसह तसेच राहू द्या, फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. त्यांच्यासोबत लागणारं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र आपण तयार करू. रोज कुणापुढे चेहरा घेऊन उभं राहण्याची वेळ तुमच्यावर येणार नाही. आणि कधी यावंच लागलं, तर बहिणीला घेऊन या.