वाचकांचे प्रश्न : तबकडीतला मुलगा आणि कॅथीड्रलचे गायन

प्रश्न : बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमचे जुने घर आवरताना आजोबांची तबकड्यांची पेटी सापडली. फैय्याज खाँसाहेबांच्या तबकड्यांमध्ये एच. एम. व्ही.ची एक बारा इंची इंग्रजी तबकडीही निघाली. तिच्यावर अर्नेस्ट लफ नावाचा मुलगा मेंडेलसोन या जर्मन संगीतकाराची प्रार्थना गातो. आजोबा तिला ‘कॅथीड्रलची तबकडी’ म्हणत. हे गायन खरोखर कॅथीड्रलचे आहे काय? तेथील गायकवृंदांची परंपरा किती जुनी आहे, आणि त्यांची कोणती ध्वनिमुद्रणे ऐकावीत?

उत्तर : आजोबांची समजूत चुकीची असली तरी अगदी स्वाभाविक आहे. कॅथीड्रल म्हणजे नुसते मोठे चर्च नव्हे. ज्या चर्चमध्ये बिशपचे आसन असते तेच कॅथीड्रल. आपली तबकडी मुद्रित झाली ती लंडनच्या टेंपल चर्चमध्ये, आणि ते चर्च वकिलांच्या दोन जुन्या संस्थांचे आहे. १९२७ साली हे मुद्रण झाले तेव्हा लफ पंधरा वर्षांचा होता. मायक्रोफोनने मुद्रण करण्याची सोय नुकतीच झाली होती, म्हणून कंपनीला आपली यंत्रे गाडीत घालून थेट चर्चपाशी नेता आली. त्याआधी गायकांना कर्ण्यापुढे दाटीवाटीने उभे राहावे लागे, आणि दगडी वास्तूत स्वराला जी आस मिळते ती मुद्रणात उतरतच नसे. रचना एका बाजूवर मावत नसल्याने ती दोन्ही बाजूंवर विभागली आहे. या तबकडीला एवढी मागणी आली की मूळ साचा झिजला आणि तेच गाणे पुन्हा गाऊन घ्यावे लागले. आपल्याकडची प्रत पहिल्या गायनाची की दुसऱ्या, हे जाणकाराकडून तपासून घेण्यासारखे आहे.

गायनाची पद्धत मात्र कॅथीड्रलचीच आहे. परंपरेने वरचा स्वर साधारण आठ ते तेरा वर्षांची मुले गातात आणि खालचे तीन स्वर प्रौढ पुरुष. त्यांतला आल्टो, म्हणजे मुलांच्या लगेच खालचा स्वर, तोही पुरुषच कृत्रिम उंच आवाजात गातात. वृंदाचे दोन भाग समोरासमोर बसतात आणि बायबलमधील स्तोत्रांच्या ओळी आळीपाळीने म्हणतात. इंग्लंडमधील सॅलिसबरी कॅथीड्रलची गायकमुलांची शाळा आपला आरंभ १०९१ पर्यंत मागे नेते. १५४९ मध्ये प्रार्थना लॅटिनऐवजी इंग्रजीत आली. दीडशे स्तोत्रे सकाळ-संध्याकाळ वाटून महिन्याभरात पुरी करण्याचा इंग्रजी प्रार्थनापुस्तकातील क्रम अनेक ठिकाणी आजही ठाऊक आहे. सांगायचे एवढेच, की हे मैफलीचे गाणे नव्हे, नित्यपूजेचे आहे. समोर चारच माणसे असली तरी गायन होते.

या परंपरेत एक मोठा खंड पडला, आणि मला तोच सर्वांत बोलका वाटतो. इंग्लंडमधील यादवी युद्धाच्या काळात, १६४४ मध्ये, पार्लमेंटने चर्चमधील ऑर्गन काढून टाकण्याचा आदेश दिला आणि वृंद मोडले. (हा ऑर्गन आपल्या संगीत नाटकातला पायपेटीचा नव्हे, भिंतभर नळ्यांचा.) १६६० मध्ये राजा परतला तेव्हा स्वरलिपी शिल्लक होती, लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमधील जॉन बर्नार्डने १६४१ मध्येच चर्चसंगीताचा मोठा संग्रह दहा पुस्तकांत छापून ठेवला होता. नव्हती ती मुले. मॅथ्यू लॉक या संगीतकाराने लिहून ठेवले आहे की राजाच्या प्रार्थनामंदिरात वर्षभराहून अधिक काळ वरच्या स्वरासाठी कॉर्नेट हे फुंकवाद्य आणि पुरुषांचा चोरटा आवाज यांवर भागवावे लागले, कारण आपला भाग सफाईने गाणारा एकही मुलगा मिळत नव्हता. ज्या शहरात मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली आणि स्वतःची स्वरलिपी वापरली, त्या बडोद्यातील वाचकाला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. बंदिश कागदावर राहते, गायकी मात्र शेजारी उभ्या असलेल्या मोठ्या मुलाकडून लहान मुलाकडे जाते, आणि मुलाचा आवाज फुटला की तो वृंदातून जातो. म्हणजे पाचेक वर्षांत वरचा सगळा स्वर नव्या गळ्यांत गेलेला असतो.

म्हणूनच ध्वनिमुद्रणांना मोल आहे. आपल्याकडे घराणी ओळखावीत तसे वृंदही कानाने ओळखता येतात. लंडनचे वेस्टमिन्स्टर कॅथीड्रल कॅथलिक पंथाचे असून तेथे रिचर्ड टेरी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज रचनाकारांचे जुने लॅटिन प्रार्थनासंगीत पुन्हा गायला लावले. पुढे जॉर्ज माल्कम यांनी मुलांकडून खुला, काहीसा धारदार आवाज काढून घेतला. व्हिक्टोरिया या सोळाव्या शतकातील स्पॅनिश संगीतकाराच्या रचनांचे त्यांचे १९५९ मधील मुद्रण जरूर ऐकावे. त्याच वर्षी संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांनी याच मुलांसाठी ‘मिसा ब्रेव्हिस’ ही छोटी लॅटिन उपासना-रचना केली. याच वृंदाच्या, फ्रँक मार्टिन आणि पित्झेत्ती यांच्या रचनांच्या मुद्रणाला १९९८ मध्ये ‘ग्रामोफोन’ मासिकाचा वर्षातील सर्वोत्तम ध्वनिमुद्रणाचा सन्मान मिळाला. उलट केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचा आवाज थंड, गोल आणि निर्विकार. तेही कॅथीड्रल नव्हे, पण १९६३ मध्ये बारा वर्षांच्या रॉय गुडमनने गायलेले, अलेग्री या जुन्या इटालियन रचनाकाराचे ‘मिझेरेरे’ हे स्तोत्र ऐकल्याशिवाय ही तुलना पुरी होत नाही. माझा कल माल्कमकडे आहे, हे लपवत नाही. रोजचे गायन कसे असते हे समजून घ्यायचे असेल तर जॉन स्कॉट यांच्या मार्गदर्शनाखाली सेंट पॉल्सने बारा भागांत मुद्रित केलेली सर्व स्तोत्रे हळूहळू ऐकावीत. एका जेवणात सगळे ताट संपवण्याचा आग्रह नको.

मुद्रणाचे वर्ष जरूर पाहावे. सॅलिसबरीने १९९१ मध्ये मुलींचा स्वतंत्र वृंद सुरू केला आणि नंतर इतर कॅथीड्रल त्या वाटेने गेली. त्यामुळे अलीकडच्या मुद्रणांत वरचा स्वर मुलींचा असू शकतो.

आपली तबकडी लाखेची आहे. ती स्पिरिटने पुसू नये, लाख विरघळते. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढावी. एल. पी.ची बारीक सुई तिच्यावर चालवू नये, जुन्या तबकड्यांची रुंद सुईच लावावी, आणि खाँसाहेबांच्या तबकड्यांसह ती पेटीत आडवी न रचता उभी ठेवावी.