फाइल कोण वाचणार?

प्रश्न (देवगड): कलमांच्या बागेतला पंप चालवायला एसटीएम३२ (एक मायक्रोकंट्रोलर चिप) बोर्डावर प्रोग्राम लिहिला. कोड जेमतेम ९ केबी, पण चिपवर चढवायची बिन फाइल (नुसत्या बाइटची) ३८४ एमबीची झाली! गंमत म्हणजे डीबगरने (चुका शोधायच्या साधनाने) ईएलएफ, म्हणजे लिंकरने बांधलेली मूळ फाइल, चढवली की सगळं नीट चालतं. लाइट जाऊन आली की पाण्याच्या पातळीची मर्यादा भलतीच दिसते.

दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच आहे. या चिपमध्ये फ्लॅश (लाइट गेली तरी टिकणारी मेमरी) हेक्स, म्हणजे सोळाच्या पटीतल्या अंकपद्धतीत, ०८०००००० या पत्त्यापासून सुरू होते आणि रॅम २००००००० पासून. त्या मर्यादेला तुम्ही कोडमध्येच सुरुवातीची किंमत दिली असणार. असा डेटा चालताना रॅममध्ये लागतो, पण त्याची मूळ प्रत फ्लॅशमध्ये हवी, कारण लाइट गेली की रॅम कोरी. लिंकर म्हणजे कोडचे तुकडे जोडून त्यांचे पत्ते ठरवणारं साधन; त्याला सूचना देणाऱ्या तुमच्या लिंकर स्क्रिप्टमध्ये डेटा सेक्शनपुढे नुसतं 'रॅम' लिहिलेलं असेल, 'एटी फ्लॅश' राहून गेलं असेल. मग लिंकर मूळ प्रतही रॅमच्याच पत्त्यावर धरतो.

ईएलएफमध्ये प्रत्येक तुकड्यासोबत त्याचा पत्ता असतो, त्यामुळे डीबगर तो डेटा थेट रॅममध्ये टाकतो आणि टेबलावर सगळं छान दिसतं. बिनमध्ये पत्ते नसतातच. त्यामुळे ईएलएफपासून बिन बनवणारं ऑब्जकॉपी दोन पत्त्यांमधली सगळी मोकळी जागा शून्यांनी भरते, तेच तुमचे ३८४ एमबी. 'एटी फ्लॅश' घाला. चालू होताना प्रत रॅममध्ये उतरवणारा स्टार्टअप कोडही आहे ना, बघा. खरं तर बिन फुगली हे बरंच झालं. हेक्स फाइल (पत्ते आणि बाइट अक्षरांत लिहिलेली) काढली असतीत तर ती लहानच राहिली असती आणि तुम्ही सेन्सरला शिव्या देत बसला असतात.

प्रश्न (मालवण): मग हेक्स घ्यावी की बिन?

चढवणारं साधन जे मागेल ते. हेक्सच्या प्रत्येक ओळीत पत्ता आणि चेकसम (चूक पकडायचा पडताळा-आकडा) असतो, म्हणून फाइल बिनच्या दुपटीहून मोठी होते. चिपवर मात्र तेवढेच बाइट जातात. बिनला सुरुवातीचा पत्ता तुम्हालाच सांगावा लागतो. काहीही निवडा, ईएलएफ मात्र जपून ठेवा. डीबगची माहिती तिच्यातच असते.

प्रश्न (रत्नागिरी, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी): लिनक्सवर बनवलेल्या फाइलला 'ईएक्सई' नाव दिलं, तरी विंडोजवर चालत नाही.

अरे, होडीला एसटीचा नंबर लावला म्हणून ती घाट चढेल का? विंडोजच्या फाइलची सुरुवात 'एमझेड' या दोन अक्षरांनी होते. ईएलएफचा पहिला बाइट हेक्स ७एफ आणि मग 'ई', 'एल', 'एफ'. विंडोज नावाबरोबर आतलं हेडरही तपासतं. फॉरमॅट बदलूनही भागणार नाही, कारण आतले सिस्टम कॉल (ऑपरेटिंग सिस्टमकडे केलेल्या मागण्या) लिनक्सचे आहेत. मिंगडब्ल्यूने (विंडोजसाठी प्रोग्राम बांधणाऱ्या कंपायलरने) सोर्सपासून पुन्हा बांध.

प्रश्न (अलिबाग): पेनड्राइव्हवरून आणलेला प्रोग्राम लिनक्सवर 'परमिशन डिनाइड' म्हणतो.

लिंकर फाइलला 'चालवता येते' अशी परवानगी देतो, पण पेनड्राइव्हच्या फॅट फॉरमॅटमध्ये ती नोंदवायला जागाच नसते. फाइल आधी आपल्या डिस्कवर उतरवा आणि मग 'सीएचमॉड' या कमांडने ती परवानगी द्या.