वाचक विचारतात : स्पायडर-मॅन एकच, हात वेगवेगळे

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज रोडला आमचा चार-पाच जणांचा कॉमिक्स वाचणारा ग्रुप आहे. सगळ्यांचं म्हणणं असं की अमेरिकन कॉमिक्सचा चित्रकार जिम ली सगळ्यात भारी, कारण त्याच्या चित्रात डिटेल खच्चून भरलेलं असतं, आणि साठ-सत्तरच्या दशकातली चित्रं म्हणजे बालिश. मला मात्र स्टीव्ह डिटकोचा जुना स्पायडर-मॅनच जास्त आवडतो पण का आवडतो ते सांगता येत नाही, मग वादात गप्प बसावं लागतं. दोन चित्रकारांची तुलना नेमकी करायची कशी?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : मित्रा, तुझी नजर चांगली आहे, तिला फक्त कारणं सापडायची आहेत. आधी डिटेलचं बघू. जुनी कॉमिक्स स्वस्तातल्या न्यूजप्रिंटवर, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदावर छापली जायची, त्या कागदावर शाई पसरते, बारीक रेघा जवळजवळ काढल्या की छापून येईपर्यंत त्यांचा काळा गोळा झालेला असायचा, आणि रंग म्हणजे ठिपक्याठिपक्यांचे, तेही मोजकेच. त्यामुळे चित्रकार जाड, मोकळी, लगेच वाचता येईल अशी रेघ काढायचा. पुढे कागद सुधारला, छपाई सुधारली, नव्वदच्या दशकात रंगकाम कॉम्प्युटरवर गेलं, तेव्हा कुठे जिम लीसारख्यांच्या क्रॉस-हॅचिंगला, म्हणजे त्या आडव्यातिडव्या बारीक रेघांच्या जाळीला पूर्ण वाव मिळाला. म्हणून कमी रेघा म्हणजे कमी कसब हे गणित मला अजिबात पटत नाही.

आता तुलना. कॅरेक्टर एकच घ्यायचं आणि चित्रकार बदलत जायचे, यापेक्षा सोपी पद्धत नाही. स्पायडर-मॅन तर यासाठी झकासच आहे.

डिटकोने १९६२ मध्ये काढलेला पीटर पार्कर, म्हणजे मास्कमागचा स्पायडर-मॅन बघ, काटकुळा, चष्मेवाला, खांदे आत ओढलेले, वर्गात कोणी विचारत नाही असा पोरगा. मास्क चढवल्यावरही अंग तेच राहतं, भिंतीला चिकटलेला असताना कोपरं आणि गुडघे अशा कोनात वळलेले असतात की बघतानाच जरा कसंतरी होतं, आणि ते मुद्दाम आहे, कोळ्यासारखा वागणारा माणूस दिसायला थोडा विचित्रच हवा ना! हात तर खास बघ. तळवा ताणलेला, मधली दोन बोटं आत दाबलेली. डॉक्टर स्ट्रेंज हा जादूगारसुद्धा डिटकोचाच, तिथे मंत्र म्हणतानाची बोटं बघितलीस की दोन्हीकडे हात एकाच माणसाचा आहे हे लगेच कळतं.

आणि अमेझिंग स्पायडर-मॅनचा ३३ वा अंक मिळाला तर नक्की बघ, १९६६ चा. स्पायडर-मॅन एका प्रचंड यंत्राखाली अडकलाय, वरून पाणी गळतंय, आणि हा उठायचा प्रयत्न करतोय. डिटको चौकटीमागून चौकट तेच दाखवतो, वाकलेली मान, जमिनीला टेकलेला हात, वर तो अवाढव्य लोखंडाचा भार, काहीच पुढे सरकत नाही असं वाटतं आणि मग पान उलटलं की पूर्ण पानभर एकच चित्र, यंत्र उचललेलं. तिथे चेहरासुद्धा दिसत नाही, मास्क आहे, तरी त्या माणसाला काय होतंय ते आपल्या खांद्यांना जाणवतं. तुला डिटको का आवडतो याचं उत्तर मला वाटतं इथेच आहे, तो नुसती पोझ काढत नाही, वेळ काढतो.

३८ व्या अंकानंतर डिटको बाहेर पडला आणि ३९ व्यापासून जॉन रोमिता आला. रोमिताने त्याआधी बरीच वर्षं प्रेमकथांची कॉमिक्स काढली होती, सुरुवातीला तो डिटकोसारखं काढायचा प्रयत्न करत होता पण हाताची सवय लपत नाही. पीटर हळूहळू देखणा झाला, खांदे रुंदावले, केसांना वळण आलं, पीटरच्या मैत्रिणीचा, मेरी जेनचा चेहरा ४२ व्या अंकात पहिल्यांदा दिसतो तो रोमिताच्याच हातचा. रेघ गोल, गुळगुळीत, आत्मविश्वासाची. विचित्रपणा गेला पण माणसं प्रसन्न दिसायला लागली, आणि आजही टी-शर्टवर, दप्तरावर जो स्पायडर-मॅन दिसतो तो बराचसा रोमिताच्या वळणाचा असतो.

मग १९८८ मध्ये टॉड मॅकफार्लेन. त्याने डोळे मोठे केले, शरीर पार पिळून टाकलं, आणि जाळं! आधी ते सरळ दोरीसारखं, मध्ये फुल्या-फुल्या असलेलं असायचं, याने त्याची गुंतागुंतीची, शेवयांसारखी वेटोळी केली. डिटकोकडचा विचित्रपणा परत आला पण आता तो दिमाखासाठी.

जिम लीबद्दलही नीट बोललं पाहिजे. त्याचा १९९१ चा एक्स-मेन या सुपरहिरोंच्या टोळीचा पहिला अंक ८० लाखांहून जास्त प्रतींचा होता, लोकांना ते चित्र उगाच आवडलं नव्हतं. शरीररचना पक्की, कपड्याची चुणी, धातूची चमक, गर्दीतसुद्धा कोण कुठे आहे ते स्पष्ट. पण त्याचं पान बघताना मी थांबते, पुढे जात नाही, प्रत्येक चित्र पोस्टर होऊ बघतं. डिटकोचं पान मला ढकलत पुढे नेतं. ग्रुपमध्ये हे बोल, की थांबवणारं चित्र आणि चालवणारं चित्र अशी तुलना करूया, मग वाद तरी कामाचा होईल.

अजून एक, आणि हे फार लोक विसरतात. आपण जे बघतो ते बऱ्याचदा दोन माणसांचं काम असतं, एक पेन्सिल करतो, दुसरा त्यावर शाई चढवतो. जिम लीच्या त्या धारदार रेघांमध्ये स्कॉट विल्यम्सच्या शाईचा मोठा वाटा आहे. साठच्या दशकातल्या जॅक कर्बी या चित्रकाराचं तर उदाहरणच घे, फँटास्टिक फोर या मालिकेवर सिनॉट नावाच्या कलाकाराची शाई आहे तिथे धातू चकाकतो, कडा टणक, अवकाशातले ते काळ्या ठिपक्यांचे लोट दणदणीत, आणि थॉरवर व्हिन्स कोलेटाची शाई आहे तिथे तोच कर्बी बारीक रेघांचा, जुन्या कोरीव चित्रासारखा दिसतो, वर कोलेटाने वेळ वाचवायला मागची माणसं, इमारती खोडून टाकल्याचंही प्रसिद्ध आहे. त्यामुळे अंकाच्या पहिल्या पानावर शाई कोणाची ते वाचल्याशिवाय चित्रकाराला नावं ठेवू नकोस.

करून बघायचं असेल तर बटर पेपर घे, डिटको, रोमिता आणि मॅकफार्लेन या तिघांचा भिंतीवरचा स्पायडर-मॅन निवड आणि बाह्यरेषा सोडून फक्त काळे भाग भर. तिन्ही कागद शेजारी ठेवलेस की कोण कशावर उभा आहे ते दिसेल. मग माईक मिन्योलाच्या हेलबॉयचं एखादं पान तसंच कर, तिथे काळ्यातच अर्धं चित्र तयार होतं, रेघेला काम फारच थोडं उरतं.

प्रश्न : मुलगा नववीत आहे, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेची तयारी चाललीय पण वहीभर बॅटमॅन आणि थॉर काढत बसतो. क्लासचे सर म्हणतात कॉपी करून हात बिघडतो. थांबवू का?
(एक आई, नाशिक रोड)

उत्तर : थांबवू नका ताई. कॉपी करून शिकलेले चित्रकार सगळीकडे आहेत. फक्त एकाच चित्रकाराची कॉपी नको आणि कॉमिक्सइतकाच वेळ खऱ्या माणसांना हवा. रविवारी सकाळी त्याला रामकुंडावर न्या, पाण्यात उड्या मारणारी पोरं काढू द्या. मूठ पुढे, बाकीचं शरीर मागे लहान होत गेलेलं, हे जे कर्बीच्या चित्रात अंगावर येतं ते उडी मारणाऱ्या पोराच्या पायात समोर दिसतं. घाटावर पंचे, धोतरं, ओल्या साड्या आहेत, थॉरच्या केपच्या चुण्या तिथेच शिकता येतील. आणि हो, स्मरणचित्राच्या पेपरला माणसांची गर्दी काढावी लागते, तिथे हा सराव उपयोगीच पडेल.

प्रश्न : हिंदी कॉमिक्समधला सुपरहिरो नागराज, लहानपणीचा पहिला आणि नंतरचा, इतका वेगळा का दिसतो?
(एक वाचक, सातपूर)

उत्तर : चित्रकार बदलला म्हणून. १९८६ चा पहिला नागराज प्रताप मुळीक यांनी काढला, अमर चित्र कथेत पौराणिक आणि ऐतिहासिक माणसं रंगवलेला त्यांचा हात, त्यामुळे त्या नागराजचं शरीर मूर्तीसारखं घडवलेलं, शांत, ब्रशच्या लांब रेघांचं दिसतं. पुढे अनुपम सिन्हांनी नागराज हातात घेतला, ते सुपर कमांडो ध्रुव या दुसऱ्या हिरोचे निर्माते, गोष्टही स्वतः लिहायचे, तिथे चौकटी गजबजल्या, हाणामारीचा वेग वाढला, सापांची वळणं वाढली. मला मुळीकांचा जास्त आवडतो. लढाईच्या पानांना मात्र सिन्हाच हवेत.